ईसीयूची खातेनिहाय चौकशी

आमच्या गाडीचा ईसीयू गेला आहे, असं रावेतच्या बाजूच्या सर्व्हिस सेंटरमधल्या माणसानं सांगितलं, तेव्हा आईनं एकच गोष्ट विचारली. "म्हणजे सोमवारी गाडी निघंल का न्हाई?"

तो शुक्रवार होता. ईसीयू म्हणजे इंजिनाचा सगळा कारभार पाहणारी पेटी. किती इंधन सोडायचं, ठिणगी कधी टाकायची, पंखा कधी लावायचा, हे ती ठरवते. ती खराब झाली आहे, नवी मागवावी लागेल, यायला आठवडा तरी जाईल आणि एकदा बसवली की परत घेतली जाणार नाही, असं त्या माणसानं एका दमात सांगून टाकलं. आईला त्यातला 'आठवडा' ऐकू आला. मला 'परत घेतली जाणार नाही' ऐकू आलं.

"पण ती बदलूनही गाडी बरी झाली नाही तर?" मी विचारलं.

"तर मग पुढचं बघू, मॅडम."

"पुढचं म्हणजे?"

"वायरिंग वगैरे."

"मग ते आधी का नाही बघत?"

तो थकल्यासारखा हसला. "स्कॅनर जे दाखवतो ते मी सांगतो, मॅडम. इथं आणल्यापासून गाडी एकदाही बंद पडलेली नाही. आम्ही पकडणार काय?"

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी आहे. पप्पा भोसरीच्या एका कारखान्यात कामगार संघटनेचं काम करायचे आणि घरात कायम पत्रकांचे गठ्ठे असायचे. उरलेल्या पत्रकांची कव्हरं माझ्या वह्यांना, पाठकोऱ्या बाजूवर माझी गणितं. जोडाक्षरं मी 'निलंबन' आणि 'बडतर्फी' या शब्दांवर शिकले. पप्पांच्या जवळजवळ प्रत्येक पत्रकात एक ओळ ठरलेली असे: आधी चौकशी, मग शिक्षा. कुणाला मशीन मोडलं म्हणून काढलं, कुणाला उलट बोलला म्हणून, पण संघटनेची मागणी पहिली तीच. आरोपपत्र द्या, पुरावा दाखवा, त्याचं म्हणणं ऐका, मग काय ते ठरवा.

त्यामुळे सर्व्हिस सेंटरच्या गारेगार खोलीत सोफ्यावर बसून मला जे वाटत होतं ते हास्यास्पद असलं तरी खरं होतं. त्या पेटीला चौकशीविना काढून टाकत होते. मी मोबाइलवर मथळासुद्धा लिहून टाकला: 'संगणकाच्या नावाखाली चाललेली लूट थांबवा!' उद्गारचिन्ह एकच ठेवलं. पप्पांचा तो नियम होता.

आई म्हणाली, "लिहीत बसू नको. गाडी चालू होतीय तंवर घरी नेऊ."

*

आईला सोमवारची एवढी घाई का होती ते सांगायला हवं.

ती आधी चाकणला एका वायरिंग हार्नेसच्या कंपनीत होती. हार्नेस म्हणजे गाडीच्या अंगभर पसरलेल्या वायरींचा जुडगा. लांबच लांब फळ्यांवर तो हातानं बांधावा लागतो आणि ते काम बहुतेक बायकाच करतात. ठेकेदारानं आईला 'ब्रेक' दिला. कायम करावं लागू नये म्हणून काही महिन्यांनी घरी बसवायचं आणि पुन्हा नवीन म्हणून भरती करून घ्यायचं, याला आमच्या पट्ट्यात ब्रेक म्हणतात. असे ब्रेक तिनं बरेच सोसले. शेवटच्यानंतर ती परत गेलीच नाही. ड्रायव्हिंग शिकली, परवाना काढला, सात सीटची सेकंडहँड गाडी घेतली आणि त्याच कंपनीतल्या दापोडी-फुगेवाडीच्या बायकांना पहिल्या शिफ्टला नेऊ-आणू लागली.

ठेकेदाराची बस बायकांना हायवेवरच उतरवायची. तिथून कंपनीच्या गेटपर्यंत ट्रेलरांच्या मधून, चिखल-धुळीतून चालत जायचं. आई थेट गेटपाशी सोडायची. कुणाचं पोर आजारी असलं तर ती बाई येईपर्यंत थांबायची, कुणी आजारी पडली तर शिफ्टच्या मध्येही आणायला जायची. अर्ध्या जगाच्या गाड्यांमधली वायर या बायकांच्या बोटांतून जाते. पण या बायकांनी स्वतः कामावर यायचं कसं, याचा विचार करायला त्या सगळ्या मोठ्या कंपन्यांपैकी एकीलाही सवड झालेली नाही. तो विचार माझ्या आईनं केला होता, आणि मला त्याचा अभिमान आहे.

त्या आठवड्यात गाडी दुसऱ्यांदा बंद पडली ती कुरुळी फाट्याजवळ. चाकणच्या एका गेटवर वाटायची पत्रकं मांडीवर घेऊन मी पुढच्या सीटवर बसले होते. नेहमीप्रमाणे ट्रॅफिक तुंबलेलं, उकाडा, एसी चालू. अचानक डॅशबोर्डवरचे सगळे दिवे एकदम पेटले, स्टिअरिंग जड झालं आणि इंजिनाचा आवाजच गेला. मागच्या ट्रेलरनं असा हॉर्न दिला की मागच्या सीटवरची एक जण ओरडलीच. मग सगळ्या उतरल्या, पदर खोचून, ओढण्या बांधून, "हं, लाव जोर" करत गाडी बाजूला घेतली. थोड्या वेळानं आईनं चावी फिरवली तर गाडी काही झालंच नाही अशी सुरू झाली. पण गेटची वेळ टळून गेली होती. त्या दिवशी सगळ्यांचा अर्धा दिवस कापला गेला.

परतीच्या वेळी बायकांनी गेटबाहेर उभ्या-उभ्याच बैठक घेतली. त्यांचा निरोप घेऊन अक्का आली. अक्का म्हणजे त्यांच्यातली सगळ्यांत वयानं मोठी, लातूरकडची, कंपनीत टेस्ट बोर्डवर काम करणारी. तयार हार्नेस त्या बोर्डला लावायचा आणि एकेक वायर बरोबर जोडली आहे का ते तपासायचं, हे तिचं काम.

"बाई, तुला वंगाळ वाटंल," ती आईला म्हणाली. "पण पोरींनी ठरवलंय. शनिवारपोतर मिळंल त्या गाडीनं जायचं, दम धरायचा. सोमवारी तुझी गाडी खात्रीनं चालणार असंल तर आमी तुझ्या गाडीत. न्हाईतर ठेकेदाराच्या बसला नावं द्यायची."

"बरोबर हाय तुमचं," आई म्हणाली.

बसला नाव दिलं की महिनाभर ते बदलता येत नाही. आणि महिनाभर रिकामी राहिलेली गाडी पुन्हा भरत नाही, हे आईला आणि मला दोघींना माहीत होतं. मग तिच्यापुढे एकच दार उरलं असतं, ठेकेदाराचं. आईनं त्या दाराकडे पाठ फिरवलेली मी पाहिली होती. तिथं तिला पुन्हा उभं राहिलेलं मला पाहायचं नव्हतं. बायकांचा मला राग आला, पण बैठकीत ठरलेलं ते ठरलेलं, हेही मी पत्रकांतूनच शिकले होते.

*

शुक्रवारी घरी आलो तेव्हा पप्पा दारात चष्मा पुसत बसले होते. मी सगळं सांगितलं, जरा मीठमसाला लावून.

"पुरावा काय दिला त्यांनी?"

"स्कॅनर."

"स्कॅनर काय म्हणाला?"

आईनं कागद दिला. त्यावर एकापाठोपाठ एक बिघाडांचे कोड होते. या सेन्सरचा व्होल्टेज कमी, त्या सेन्सरचा जास्त, ईसीयूशी संपर्क तुटला. पप्पांनी तो उजेडात धरून वाचला.

"एवढे सगळे एकाच दिवशी बिघडले? आमच्या खात्यात सगळे कामगार एकदम गैरहजर राहिले, तर आम्ही आधी बस आली का ते विचारायचो. स्कॅनर साक्षीदार आहे, त्याला न्यायाधीश कशाला करता? रहाटणीत एक ऑटो इलेक्ट्रिशियन आहे. तोंडानं फाटका आहे, पण तपास करतो."

मी फोन लावला. "उद्या दुपारनंतर आणा," तो म्हणाला. "आणि वाटेत बंद पडली तर धक्का मारायला माणसं घेऊन या, मला बोलावू नका."

धक्का मारायला अक्का आली. पहिली शिफ्ट संपवून ती थेट आमच्या दारात हजर झाली, डबाही हातातच. "पोरींनी मला धाडलंय," ती म्हणाली. "डोळ्यांनी बघून ये म्हणल्या. तुझ्या सांगण्यावर भरवसा हाय, पण गाडीवर न्हाई."

तर आम्ही चौघं निघालो. आई गाडी चालवत होती, पप्पा पुढे, मागे मी आणि अक्का. एसी बंद ठेवला होता आणि गाडी सरळ रहाटणीला पोचली. एकदाही अडखळली नाही. मला त्याचाच राग आला. दवाखान्यात पोचलं की ताप उतरतो तसं.

*

इलेक्ट्रिशियनचं दुकान म्हणजे दोन गाळे आणि समोरची मोकळी जागा. पन्नाशीचा माणूस, कपाळावर सरकवलेला चष्मा, तोंड अखंड चालू. आधी एका मोठ्या वर्कशॉपमध्ये होता, तिथून भांडून बाहेर पडला होता, आणि ते भांडण कसं झालं हे प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत असे. आम्हालाही सांगितलं. मग म्हणाला, "बोला ताई, कधी बंद पडते?"

"कधीबी," आई म्हणाली.

"कधीबी असं काही नसतं. थंड असताना पडते?"

"न्हाई."

"मोकळ्या रस्त्याला?"

आईनं विचार केला. "न्हाई. ट्रॅफिकमधी. गरम झाल्यावर. एसी चालू असताना."

"हां. आता कसं बोललात!" त्यानं बॉनेट उघडलं. "सर्व्हिस सेंटरवाल्यांनी गाडी सावलीत उभी करून तपासली असणार. सावलीत बसवून कुणालाही विचारा, मी ठणठणीत आहे म्हणूनच सांगणार. हिला कामाला लावून विचारायला पाहिजे. ईसीयू सगळ्यात शेवटी. आधी त्याला नीट जेवायला मिळतंय का बघायचं."

जेवायला म्हणजे करंट. त्यानं बॅटरी तपासली, ती चांगली निघाली. ईसीयूकडे जाणारे फ्यूज काढून पाहिले, तेही चांगले. त्याला संशय होता तो रिलेवर, म्हणजे ईसीयूला करंट चालू-बंद करून देणाऱ्या छोट्या डबीवर. ती काढून त्यानं तिच्या जागी हॉर्नचा रिले लावला, दोन्ही सारखेच असतात म्हणाला, आणि आईला गाडी सुरू करायला सांगितली. मग एसी लाव, मोठे दिवे लाव, मागची काच गरम करायचं बटण दाब, वायपर लाव. थोड्या वेळानं रेडिएटरचा पंखा घरघरायला लागला. इंजिन दोनदा थरथरलं आणि बंद पडलं.

"मेली!" इलेक्ट्रिशियन आनंदानं ओरडला.

आईचा चेहरा उतरला. तिला त्याच्या आनंदाचा अर्थ लागेना. "आवो, हसताय काय?"

"ताई, जो आजार माझ्यासमोर दिसला तो अर्धा बरा झाला. चोर घरातच आहे. फक्त रिले नव्हता, ते मी चुकलो."

"मला सांगू द्या जरा," अक्का मध्येच म्हणाली. ती इतका वेळ हाताची घडी घालून उभी होती. "ईसीयूचा कनेक्टर हाय ह्यो. पाणी गेलं असंल. आमच्याकडं परत आलेल्या मालात धा पैकी सात बाऱ्या कनेक्टरच असतो."

"तुमच्याकडं म्हणजे कुठं?"

"हार्नेसला. टेस्ट बोर्डला हाय मी."

"अरे वा! म्हणजे ही वायरिंग तुम्हीच केलेली!"

"आमच्या लायनीला हा माल न्हाई. आमी केली असती तर बंद पडली नसती."

त्यानं बॅटरी सोडवून ईसीयूचा कनेक्टर काढला आणि तिच्यापुढे धरला. अक्कानं मोबाइलच्या उजेडात एकेक पिन पाहिली. कुठंही हिरवं चढलेलं नव्हतं, पाण्याचा डाग नव्हता. "चांगला हाय," ती नाराजीनं म्हणाली.

"एक माझं चुकलं, एक तुमचं. फिटंफाट," तो म्हणाला.

पप्पा स्टुलावर बसून हे ऐकत होते. त्यांना मजा येत होती. "चौकशी नि:पक्षपाती चालली आहे," ते मला हळूच म्हणाले. मला मजा येत नव्हती. संध्याकाळ व्हायला आली होती, आणि एकेक आरोपी सुटला की दोष पुन्हा त्या पेटीवरच येत होता. मी मनातल्या मनात हिशेब मांडत होते तो फक्त वारांचा. शनिवार संपत आला. रविवारी दुकान बंद. मग सोमवार.

आई गाडीच्या दारात बसून होती. मी पाणी दिलं तर तिनं बाटली नुसती हातात धरली. "ठेकेदाराच्या हापिसात आता लिफ्ट लावलीय म्हणं," ती म्हणाली. एवढंच. मी बाटलीचं झाकण उघडून दिलं.

इलेक्ट्रिशियननं कनेक्टर आणि बॅटरी पुन्हा जोडून मीटर काढला. "करंट जातो ते बघितलं," तो मला समजावत म्हणाला, कारण मी अगदी जवळ जाऊन उभी होते. "आता परत येतो का ते बघायचं. गेलेला करंट अर्थिंगमधून बॅटरीकडे परत यायला पाहिजे. नळ चालू आणि मोरी तुंबलेली, तर काय होईल?"

"पाणी वर चढेल."

"तेच." मीटरची एक सुई बॅटरीच्या वजा टोकाला आणि दुसरी, कनेक्टरच्या मागून बारीक पिन घालून, ईसीयूच्या अर्थिंगच्या वायरला. गाडी सुरू केली. आकडा जवळजवळ शून्य. "असाच पाहिजे." मग एसी, दिवे, सगळं चालू. पंखा फिरायला लागला आणि मीटरवरचा आकडा उड्या मारायला लागला. खाली-वर, खाली-वर, आणि इंजिन त्याच्या तालावर थरथरत होतं.

"सापडलं! ईसीयूच्या पायाखालची जमीनच हलतेय, राव. मग तो प्रत्येक सेन्सर खोटा बोलतोय असं सांगणार नाही तर काय करणार? मोजायची सुरुवातच जिथून करायची, ती जागा हलतेय." त्यानं पुन्हा बॉनेटमध्ये डोकं घातलं. "आता अर्थिंगच्या कुठल्या बोल्टला आहे ते..."

"थांबा," अक्का म्हणाली. तिनं डबा माझ्या हातात दिला आणि बाह्या वर केल्या. "आमच्याकडं शिकवतात. ढकलायचं, क्लिक ऐकायचं, ओढून बघायचं. ओढून बघितल्याबिगर पुढं माल द्यायचाच न्हाई. बाई, गाडी बंद करू नगंस."

तिनं पंख्यापासून हात लांब ठेवत एकेक काळी वायर बोटात धरून हलकेच ओढायला सुरुवात केली. इलेक्ट्रिशियन तिला "ही इंजिनाची... ही बॉडीची..." असं सांगत होता. एक, दुसरी, काही झालं नाही. बॅटरीच्या ट्रेखाली हात घालून तिनं जाड केबल ओढली, आणि गाडी तत्क्षणी बंद पडली.

अक्का केबल हातात धरून तशीच वाकलेली.

"सोडू नका," इलेक्ट्रिशियन म्हणाला आणि बॅटरीचा ट्रे काढायला लागला.

*

ट्रेखाली बॉडीला एक बोल्ट होता. बॅटरीची जाड केबल आणि ईसीयूची अर्थिंग, दोन्ही त्यावरच येत होत्या. पण त्या दोघींच्या खाली, अगदी पत्र्याला लागून, आणखी एक थिंबल होतं. थिंबल म्हणजे वायरीच्या टोकाला दाबून बसवलेली कडी. ते रंग मारलेल्या जाड पट्टीवर बसवलेलं होतं, आणि तिच्यामुळे बोल्टला खाली नीट आटेच मिळाले नव्हते. बोल्ट चिमटीत धरून फिरत होता. पट्टीच्या कडेनं तांबूस गंज धरला होता.

"हे कंपनीचं नाही," इलेक्ट्रिशियन म्हणाला. "ही लाल-काळी वायर कुठे जाते? मागे डिक्कीत जाते. ताई, गाडीला काय लावलंय?"

आईनं मान वळवून स्टुलाकडे पाहिलं.

पप्पांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "ॲम्प्लिफायर," ते म्हणाले.

रविवारी आईची गाडी रिकामी असते. कामगार दिनाच्या आधी पप्पांनी आणि त्यांच्या एका जुन्या सहकाऱ्यानं तिच्यावर भोंगा बसवला होता, गेटसभांसाठी. भोंग्याचा ॲम्प्लिफायर डिक्कीत, आणि त्याची वायर थेट बॅटरीपर्यंत. वायर घट्ट राहावी म्हणून मजबूत लोखंडी पट्टी घातली होती, आणि पट्टी गंजू नये म्हणून तिला व्यवस्थित रंग दिला होता. सगळं किती निगुतीनं केलं होतं ते पाहून मला हसू आलं.

"म्हणजे," पप्पा सावकाश म्हणाले, "चळवळीनं गाडी बंद पाडली."

"चळवळीनं न्हाई," आई म्हणाली. "तुमच्या पान्यानं. चळवळीचं नाव कशाला घेताय?"

अक्का इतकी हसली की तिला बॉनेट धरून उभं राहावं लागलं. "अगं बाई, सर्व्हिस सेंटरवाल्याला काय म्हाईत, गाडीत पुढारी बसलाय म्हणून!"

"नेते, पत्रक काढा आता," इलेक्ट्रिशियन म्हणाला. "स्वतःच्याच विरोधात."

पप्पांनी दोन्ही हात जोडले. "आरोप मान्य. शिक्षा सांगा."

"शिक्षा मी सांगते," आई म्हणाली. "सोमवारपासून रोज पहाटे गाडी तुमी पुसायची. आन् डबाबी तुमीच भरायचा."

आई एवढं बोलली तेव्हा मला कळलं की तिला धीर आला आहे. गेले कित्येक दिवस तिनं कुणाची फिरकी घेतली नव्हती.

पुढचं काम भराभर झालं. पट्टी काढून टाकली. पत्रा पॉलिश पेपरनं चकचकीत होईपर्यंत घासला. आटे पुन्हा पाडून नवा, लांब बोल्ट घातला. त्याखाली फक्त गाडीच्या स्वतःच्या दोन वायरी. भोंग्यासाठी वेगळी जागा, वेगळा फ्यूज. इलेक्ट्रिशियननं बोल्ट आवळला आणि अक्काला म्हणाला, "घ्या मॅडम, तुमची तपासणी." तिनं केबल पूर्ण ताकदीनं ओढली. मग दुसऱ्यांदा. मग मान हलवली.

स्कॅनरवरचे कोड पुसले, आणि पुन्हा सगळं चालू केलं. एसी, दिवे, वायपर, काच. आम्ही सगळे पंखा फिरायची वाट बघत बॉनेटभोवती उभे होतो. पंखा फिरला. मीटरवरचा आकडा जरासा हलला आणि तिथंच थांबला. इंजिन चालत राहिलं. इलेक्ट्रिशियन चहा मागवून आला, चहा पिऊन झाला, तरी चालत राहिलं. मग आईनं काळेवाडीच्या गर्दीतून सगळं चालू ठेवून चक्कर मारली आणि हॉर्न वाजवत परत आली. स्कॅनर पुन्हा लावला. एकही कोड नव्हता.

"आता सांगा मॅडम," इलेक्ट्रिशियन मला म्हणाला, "नवा ईसीयू बसवला असता तर काय झालं असतं?"

"तोही ट्रॅफिकमध्ये बंद पडला असता."

"आणि त्यालाही काढला असता!"

मी मोबाइल काढला आणि तो मथळा पुसून टाकला. लूट नव्हती तिथं. घाई होती. सोमवारी दुपारी मी त्या सर्व्हिस सेंटरच्या माणसाला फोन करून काय सापडलं ते सांगितलं, जरा तोऱ्यातच. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बॅटरीच्या ट्रेखाली? आम्हाला एका गाडीमागे जेवढा वेळ देतात, मॅडम, तेवढ्यात ट्रेसुद्धा निघत नाही. पण बरं झालं सांगितलंत." मग त्यानं माझ्याकडून बोल्टची नेमकी जागा नीट विचारून घेतली. माझा राग मावळला असं नाही. तो त्या माणसावरून उठला आणि त्याला घड्याळावर कामाला लावणाऱ्यांवर जाऊन बसला. तपासायला वेळ न देता निकाल मागायचा, ही पद्धत मला माणसांच्या बाबतीत मान्य नाही आणि आता यंत्रांच्या बाबतीतही मान्य नाही. त्यावर मी कधीतरी लिहीन. तेव्हा नेम नीट धरीन.

*

शनिवारी परतताना अक्कानं गाडीतूनच सगळ्या जणींना व्हॉइस मेसेज पाठवला होता. "माझ्या हातानं ओढून बघितलंय. सोमवारी बाईच्याच गाडीत बसायचं. बसला नावं देऊ नगा." त्यावर पटापट उत्तरं आली, बहुतेक अंगठे. एकीनं विचारलं, एसी लावणार का?

सोमवारी मीही गेले. खरं तर चाकणला माझं काही काम नव्हतं. उजाडत होतं. फुगेवाडीपर्यंत सगळ्या चढल्या, पण नेहमीसारखी बडबड नव्हती. भोसरी गेली, मोशी गेली. इंद्रायणीच्या पुलापुढे ट्रॅफिक तुंबलं आणि आईनं कुणी न सांगता एसी लावला. मागे सगळ्या जणी इंजिनाचा आवाज ऐकत होत्या. मी आईच्या हातांकडे पाहत होते. तिनं स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं.

पंख्याची घरघर सुरू झाली. आम्ही पुढे सरकत राहिलो. चिंबळी फाटा गेला. कुरुळी फाटा आला, तीच जागा, बाजूला तसाच उभा असलेला एक ट्रेलर, आणि मग तोही मागे पडला.

"ए, काच लाव की गं," मागून कुणीतरी म्हणालं. "एसी चाललाय फुकट."

"मला गाडी लागती, म्हाईत न्हाई का?"

"मग पुढं बस जा."

"पुढं पुढारीण बसलीय!"

आणि भांडण सुरू झालं, खिडकीवरून, मग डब्यातल्या लोणच्यावरून, मग कुणाच्या तरी नणंदेवरून. आईचे खांदे खाली आले. तिनं एक हात सोडून गिअरवर ठेवला.

गेटवर आम्ही वेळेच्या आधी पोचलो. बायका उतरल्या, ओळखपत्रं गळ्यात अडकवत, एकमेकींना ढकलत आत गेल्या. अक्कानं जाता जाता बॉनेटवर थाप मारली. त्यांच्या मागे गेट बंद झालं तसं आईनं गाडी झाडाच्या सावलीत घेतली आणि इंजिन बंद केलं. सीट मागे टाकली, ओढणी तोंडावर घेतली.

"जरा पडते," ती म्हणाली. "तू इथंच हायस ना?"

"आहे."

माझं उत्तर पुरतं ऐकण्याआधीच ती झोपली. मी काच थोडी खाली केली, वारा यावा म्हणून, आणि बसून राहिले.